दोघांचं पॅराग्लायडर: शिकवणीतून सफरीकडे

मंडळी, आपल्या पिंपळगावची पोरं सुट्टीत कामशेतला, पाचगणीला जातात आणि ‘टँडम’ उड्डाणाचे व्हिडिओ टाकतात. हौस चांगलीच आहे. पण हे दोघांचं पॅराग्लायडर आलं कुठून, तेही जरा बघू.

१९६४ साली आपल्या शेजारी ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली. त्याच वर्षी अमेरिकेत डोमिना जालबर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाने एका कापडी पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढून उघडे कप्पे. त्यात वारा भरला की कापड फुगून विमानाच्या पंखासारखा आकार घेतं. येवल्याच्या पतंगाला निदान कामट्या तरी असतात, इथे त्याही नाहीत!

हा पंख आधी पॅराशूट म्हणून वापरात आला. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावी तिघा पॅराशूटवाल्यांनी विमानाशिवाय, डोंगरउतारावरून धावत उड्डाण केलं. तिथून हा खेळ पसरला आणि नव्वदच्या दशकात सह्याद्रीतही रुजला.

दोघांचा पंख शिकवणीला फार उपयोगाचा. शिकणारा पुढे, गुरू मागे, ब्रेकच्या दोऱ्या गुरूच्या हाती. अमेरिकेचा १९८२ चा नियम अशा हलक्या साधनात एकालाच बसू देतो. दुसऱ्याला न्यायची सूट दिली गेली ती शिकवण्यासाठी. आपल्याकडे मात्र शिष्याच्या जागी गिऱ्हाईक आलं. शिष्याला वारा बघायला शिकवतात. गिऱ्हाईक फक्त भरवसा ठेवतं.

तो भरवसा कुणावर ठेवतोय, हे महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही गेले. कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. पण गेलेली माणसं त्याने परत येत नाहीत.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात जमीन, पाणी आणि हवा, तिन्हींतले खेळ आले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची झाली. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: नोंदणी आहे का? पायलटकडे टँडमचं प्रमाणपत्र आहे का? दोघांचं वजन पेलणारं राखीव पॅराशूट आहे का? वारा बिघडला तर उड्डाण रद्द करता का, पैसे परत देता का?

द्राक्षाचा व्यवहार करताना आपण व्यापाऱ्याची चार ठिकाणी चौकशी करतो. इथे तर पोरगं सोपवायचंय.