विक्रीखतावरील बाईची सही

हिंगोलींत वडिलार्जित वाडा विकत घ्यावयाचा म्हणजे नुसत्या भिंती पाहून पूर्वीं भागत नसे. घरांतील बायकांकडेहि पाहावें लागे. १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. तथापि हिंदूंच्या घरादाराचा निवाडा मिताक्षरेप्रमाणेंच होई. कुमारीची किंवा सवाष्णीची सही लागत नसे. तो कारभार कर्त्या पुरुषाचा. प्रश्न येई तो विधवेचा.

विभक्त पति निपुत्रिक वारला कीं वाडा तिच्याकडे येई, परंतु हयातीपुरताच. पतीचें ऋण, त्याचें श्राद्ध, मुलीचें लग्न, अशी ‘कायदेशीर गरज’ असेल तरच तिला तो कायमचा विकतां येई, आणि ती गरज सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर पडे. ती वारल्यावर पतीचा एखादा दूरचा दायाद दावा लावी. तोंवर जुने साक्षीदारहि निघून गेलेले असत. म्हणून सावध गिऱ्हाईक त्या दायादाची संमति आधींच मागे. बाईच्या मरणाकडे डोळे लावून बसलेल्याचीच सही तिच्या विक्रीखतास हवी, असा हा न्याय!

१७ जून १९५६ रोजीं हिंदु उत्तराधिकार कायदा आला. त्याच्या १४ व्या कलमानें विधवेची ताब्यांतील मिळकत पूर्णपणें तिची झाली. पण २३ व्या कलमानें कुटुंबाच्या राहत्या घराभोंवतीं निराळें कुंपण घातलें. पुरुष वारस आपण होऊन वांटणी करीपर्यंत स्त्री-वारसास ती मागतां येईना. मुलीस तेथें राहण्याचा हक्क होता, पण ती अविवाहित, परित्यक्ता, पतीपासून विभक्त किंवा विधवा असेल तरच. नांदती लेक हिस्सेदार असूनहि माहेरीं पाहुणीच राहिली.

महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीस जन्मतः सहदायाद केलें. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. स्वतंत्र जिल्हा १९९९ चा. सुधारणा मोठी खरी, परंतु त्या तारखेपूर्वीं लग्न झालेल्या मुली तींतून वगळल्या गेल्या. समजा, थोरलीचें लग्न त्या वर्षींच्या वैशाखांत झालें आणि धाकटीचें दिवाळीनंतर. तर वाड्यांत धाकटी भावांच्या बरोबरीची, आणि थोरलीस बापाच्या पश्चात् त्याच्या हिश्श्यांतला तुकडा. घेणाऱ्यास आतां लग्नाची तिथि विचारणें भाग पडलें.

९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें हा भेद संपला. २३ वें कलमहि गेलें. पिता त्या दिवशीं हयात नसला तरी मुलीचा हक्क जन्मानेंच येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेल्या विक्रीस या दुरुस्तीनें धक्का लागत नाहीं. तोंपर्यंत भावांनीं वाडा रीतसर विकून टाकला असेल, तर थोरलीस त्या विक्रीविरुद्ध या नव्या हक्काचा आधार घेतां येत नाहीं.