दंतभंग व उपचार

दंतभंग व उपचार : आघाताने, कठीण पदार्थ चावल्याने किंवा किडीने पोखरल्यामुळे दात तुटणे अथवा त्याचा टवका उडणे आणि त्याची दुरुस्ती. दंतवल्कात (इनॅमलमध्ये) जिवंत पेशी नसल्याने ते हाडाप्रमाणे भरून येत नाही [→ दात].

पूर्वीचे चांदीचे भरण खाचेत घट्ट बसावे म्हणून दाताचा निरोगी भागही कोरावा लागे. अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले, की फॉस्फोरिक अम्लाने दंतवल्क खरबरीत केल्यास त्याला राळ घट्ट चिकटते. पुढे राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए राळ तयार केली. दातरंगी कंपोझिट भरण मुख्यतः या दोन शोधांतून आले.

उपचार भंगाच्या खोलीवर ठरतो. केवळ दंतवल्काचा टवका घासून गुळगुळीत करतात किंवा कंपोझिटने भरतात. तुटलेला तुकडा मिळाल्यास तोच पुन्हा चिकटवता येतो. मात्र तो पाण्यात किंवा दुधात ओला ठेवावा लागतो, कारण सुकल्यास त्याचा रंग फिका पडतो. दर्शनी दातांवर चिनी मातीचा पातळ पापुद्रा (व्हेनिअर) बसवतात. मोठा भाग गेल्यास दात चहूबाजूंनी घासून टोपी घालतात. दंतगर (दाताच्या आतील जिवंत मऊ भाग) उघडा पडल्यास बहुधा मूळनलिका उपचार लागतो [→ रूट कॅनाल]. मूळ वाढत असलेल्या लहान मुलांत मात्र गराचा वरचा भागच काढून उरलेला जिवंत राखतात. मूळ उभे चिरल्यास सहसा दात काढावा लागतो [→ दंतरोपण].

चिकटवण्याच्या तंत्रामुळे निरोगी दंतभाग वाचतो. कंपोझिट कालांतराने झिजते व डागळते. तथापि त्याची दुरुस्ती तोंडातच करता येते.