मुठीतला लिनक्स आणि कष्टांची वाटणी

हातात धरून खेळायच्या संगणकांमध्ये लिनक्स ही कार्यप्रणाली शिरली ती वापरायला सोपी म्हणून नव्हे, तर विनामूल्य, खुली आणि हवी तशी बदलता येणारी म्हणून. आणि या मोकळेपणाची किंमत बराच काळ खेळणाऱ्यालाच मोजावी लागली. दक्षिण कोरियातील गेमपार्क होल्डिंग्ज या कंपनीने २००५ च्या अखेरीस विक्रीस आणलेल्या 'जीपी२एक्स' या यंत्रात २०० मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर आणि ६४ एमबी स्मृती होती, आणि ते दोन पेन्सिल सेलवर चाले. त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या, चालवण्यासाठी प्रोसेसरची गती किती वाढवायची हे पुष्कळदा वापरणाऱ्यालाच ठरवावे लागे, आणि ती वाढवली की सेल लवकर संपत. फर्मवेअर, म्हणजे यंत्रात कायम वसणारी मूळ आज्ञावली, बदलताना वीज गेली तर यंत्रच निकामी होण्याची भीती असे. हौशी मंडळींना ही खटपट खेळाइतकीच प्रिय होती, हेही खरे.

या खटपटीवर पहिला विचारपूर्वक तोडगा 'पॅंडोरा' या यंत्रात दिसतो. २००८ मध्ये आगाऊ मागणी नोंदवून घेतलेले आणि २०१० पासून ग्राहकांच्या हाती पडू लागलेले हे यंत्र म्हणजे कळफलकासह मिटता येणारा छोटा संगणकच होता. लिनक्समध्ये एखादी आज्ञावली अनेकदा इतर अनेक सामायिक संचिकांवर अवलंबून असते आणि त्यांपैकी एक जरी जुळली नाही तरी ती सुरूच होत नाही. पॅंडोराच्या 'पीएनडी' पद्धतीत खेळ आणि त्याला लागणारे साहित्य एकाच संचिकेत बांधलेले असे. ती एसडी कार्डावरील ठरलेल्या कप्प्यात ठेवली की खेळाचे नाव आपोआप यादीत उमटे, आणि काढून टाकली की मूळ प्रणालीत काही मागे राहत नसे. खेळाची प्रगती वेगळ्या कप्प्यात साठत असल्याने तीही सुरक्षित राही. इथे कष्ट संपले नव्हते. खेळणाऱ्याच्या खांद्यावरून ते संचिका बांधून देणाऱ्या स्वयंसेवकांच्या खांद्यावर गेले होते. पुढच्या दशकातील बड्या कंपनीचे यश पाहताना या अल्पसंख्य हौशी परंपरेची आठवण क्वचितच काढली जाते, हे काहीसे अन्यायाचे आहे.

ती कंपनी म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह. विंडोज ८ सर्वांसाठी घातक ठरेल, असे तिचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे म्हटले आणि खेळविक्रीचे आपले दुकान, स्टीम, लिनक्सवर आणण्याचा पवित्रा घेतला. २०१५ मध्ये आलेल्या 'स्टीम मशीन' या दिवाणखान्यातील संगणकांना मात्र फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही, कारण लिनक्ससाठी स्वतंत्रपणे घडवलेले खेळच मोजके होते. म्हणून खेळकर्त्यांची वाट पाहण्याऐवजी विंडोजसाठीचे खेळच चालवण्याचा मार्ग निवडला गेला: १९९३ पासून विकसित होत आलेल्या 'वाइन' या खुल्या प्रकल्पावर आधारलेला 'प्रोटॉन' हा दुवा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ विंडोजकडे जी मागणी करतो, ती हा दुवा लिनक्सला कळेल अशा मागणीत बदलून देतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या व्हॉल्व्हच्या 'स्टीम डेक' या हातात धरून खेळायच्या संगणकाची सुलभता या दुव्यावर उभी आहे. कोणता खेळ त्यावर नीट चालतो हे तपासून दर्जाची खूण लावण्याचे काम कंपनीने स्वतःकडे घेतले. खेळ मध्येच थांबवून यंत्र झोपवायचे आणि नंतर तिथूनच पुढे खेळायचे, हे एका बटणावर आले. प्रणालीचा मूळ भाग केवळ वाचनापुरता खुला ठेवून तिच्या दोन प्रती बाळगल्या जातात, त्यामुळे अद्ययावतीकरण फसले तर जुन्या प्रतीवर परतता येते. मूळ भागात केलेले फेरफार मात्र पुढच्या अद्ययावतीकरणात पुसले जातात. जीपी२एक्सच्या पिढीला ही अट जाचली असती. पण कुलूप उघडण्याची मुभा ठेवलेली असल्याने तिला बंदिस्तपणा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

ही सुलभता जिथे थांबते ते ठिकाण यंत्राबाहेर आहे. ऑनलाइन स्पर्धांतील लबाडी पकडणाऱ्या काही यंत्रणा प्रोटॉनवर चालू शकतात, पण ती परवानगी खेळकर्त्यांनी द्यावी लागते. 'एपेक्स लेजंड्स' या ऑनलाइन खेळाच्या कर्त्यांनी ती दिली होती आणि २०२४ मध्ये लबाडीचेच कारण सांगून काढून घेतली. असा खेळ डेकवरच खेळायचा तर विंडोज बसवणे, तिला लागणारे ड्रायव्हर मिळवणे आणि त्या जुळवाजुळवीला स्वतः सामोरे जाणे, हा भार पुन्हा खेळणाऱ्यावरच येतो.