'मोर' : एका शब्दाचे अर्थ व उपयोग



आपल्या बऱ्हाणपुरात मराठी, हिंदी व गुजराती या तिन्ही भाषा नित्य कानी पडतात. 'मोर' हा शब्द तिन्ही भाषांत एकच आहे. मादीचे नाव मात्र वेगळे. मराठीत ती लांडोर, हिंदीत मोरनी आणि गुजरातीत ढेल. घरातील मुलांना हिंदी शब्द आपोआप येतो. 'लांडोर' हा शब्द आपणच त्यांच्या कानावर घातला पाहिजे.

व्युत्पत्ती : संस्कृत 'मयूर' या शब्दाचे प्राकृत रूप 'मोर' होय. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या गिरनार येथील शिलालेखातही हे रूप आढळते. राजाच्या पाकशाळेत अजूनही दोन मोर व एक हरिण मारले जाते, पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्यात नमूद आहे. शिखी, केकी, कलापी व नीलकंठ ही मोराची अन्य संस्कृत नावे होत. पैकी 'नीलकंठ' हे श्रीशंकराचेही नाव आहे.

देवकार्यात : मोर हे कार्तिकेयाचे वाहन. गणेशपुराणातील मयूरेश्वर अवतारात तो श्रीगणेशाचेही वाहन आहे. अष्टविनायकांतील मोरगावचे दैवत ते हेच. मोरेश्वर व मोरो ही नावे तेथूनच आली. श्रीकृष्णाच्या मुकुटी मोरपीस, वासुदेवाच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी, तर देवावर ढाळावयाचे ते मोरचेल.

साहित्यात व इतिहासात : मोराच्या ओरडण्यास 'केका' म्हणतात. कविवर्य मोरोपंतांनी (१७२९-१७९४) आपल्या नावावर श्लेष साधून ईश्वरास घातलेल्या आर्त हाकांना 'केकावली' हे नाव दिले. फारसीत मोरास 'ताऊस' म्हणतात. ज्या शाहजहानची बेगम मुमताजमहल १६३१ मध्ये आपल्या नगरात निवर्तली, त्याचेच 'तख्त-ए-ताऊस' म्हणजे मयूरासन. ते १६३५ मध्ये पूर्ण झाले आणि १७३९ मध्ये नादिरशहाने इराणला नेले. योगशास्त्रातील मयूरासन अर्थातच वेगळे.

व्यवहारात : पैठणीच्या पदरावरील मोर व मोरपंखी रंग सर्वांच्या परिचयाचे आहेत. शेतकरी चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण करतात ते निळे मोरचूद. मोरावळ्यात मात्र मोर नाही. तो साखरेत मुरविलेला आवळा.

एक विनंती : मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्याची शिकार हा गुन्हा आहे. पावसाळा सरताना मोराची लांब पिसे दरवर्षी आपोआप गळतात व पुन्हा येतात. म्हणून देवास अर्पण करावयाचे पीस वा मोरचेल घेताना पिसे गळलेलीच असल्याची खात्री करावी. शंका असल्यास ती घेऊ नयेत. पिकांच्या दिवसांत मोर शेतात उतरतात. औषध लावलेले बियाणे उघड्यावर पडू देऊ नये, ते खाऊन मोर मरतात.

देवाच्या वाहनास इजा करून मिळविलेले पीस देवास कसे रुचेल? राजाच्या पाकशाळेतील दोन मोरांची गणतीही ज्या भूमीत शिळेवर कोरली गेली, तेथे एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, ही नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥