टाळं सभागृहाला, साज घरी

‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्याला गणेशोत्सवाच्या मंडपात जुनी फिल्मी गाणी वाजवणारा संच आठवतो. इथे विषय वेगळा आहे. युरोप-अमेरिकेतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात ऐंशी-नव्वद वादक महिन्याच्या पगारावर काम करतात. त्यांची भरती परीक्षा घेऊन होते, त्यांना रजा असते, पेन्शन असते, युनियन असते आणि दर काही वर्षांनी पगाराचा करारही होतो. एवढ्या नाजूक कलेच्या मागे कामगार आणि मालक यांचं जुनंच नातं उभं असतं. ते नातं किती ताणलं जाऊ शकतं हे 2012 ते 2014 या काळात अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात दिसलं.

आधी या धंद्याचं गणित समजून घेऊ. बीथोव्हनची पाचवी सिम्फनी 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. त्या वेळी तिला जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागला, साधारण तेवढेच आजही लागतात. कापडाच्या कारखान्यात नवं यंत्र आलं की एक कामगार दहाजणांचं काम करतो, पण व्हायोलिनवाल्याला दुप्पट वेगाने वाजवायला सांगून चालत नाही. बाहेरच्या जगात पगार वाढतात, त्यामुळे त्याचाही वाढवावा लागतो. उत्पादन मात्र तेवढंच राहतं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी 1966 साली ही कोंडी नीट मांडून दाखवली. (शिक्षकाचंही असंच आहे. चाळीस मुलांची वही तपासायला माझ्या आजोबांच्या काळातल्या मास्तरांना जेवढा वेळ लागायचा, तेवढाच मला लागतो.)

मग तूट भरून कशी निघते? अमेरिकेत बहुतेक ऑर्केस्ट्रांचा निम्मा खर्चही तिकिटांतून निघत नाही. बाकीचा पैसा देणग्यांतून आणि कायम ठेवीतून येतो. ही ठेव आपल्या वक्फसारखी समजा: मूळ मालमत्तेला हात लावायचा नाही, उत्पन्नातून काम चालवायचं. तिच्यावर देखरेख करायला शहरातल्या बँकवाल्यांचं, उद्योजकांचं, वकिलांचं मंडळ असतं. म्हणजे मुतवल्ली एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला. मुतवल्लींशी कसे वाद होतात, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

वादकांना या टेबलावर जागा सहज मिळाली नाही. एके काळी पगाराचा करार युनियनचे स्थानिक पुढारी परस्पर करून टाकायचे. ज्यांनी वाजवायचं त्यांचं मतही कित्येकदा घेतलं जात नसे. वर्षातले काही महिने काम, उरलेल्या महिन्यांत मिळेल ती नोकरी. 1962 साली ऑर्केस्ट्रांच्या वादकांनी युनियनच्या पुढाऱ्यांना न जुमानता आपली वेगळी परिषद स्थापन केली आणि करारावर मत देण्याचा हक्क मागितला. 1964 साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांना पूर्ण 52 आठवड्यांचा करार मिळाला.

आता मिनियापोलिसकडे येऊ. तिथला ऑर्केस्ट्रा 1903 चा, पुढे त्याचं नाव मिनेसोटा ऑर्केस्ट्रा झालं. फिनलंडचे ऑस्मो व्हॅन्स्का 2003 पासून त्याचे कंडक्टर होते (एसटीतले नव्हे, हातात छडी घेऊन वादकांसमोर उभे राहणारे), आणि त्यांच्या हाताखाली त्याची गणना अमेरिकेतल्या उत्तम ऑर्केस्ट्रांत होऊ लागली होती. 2012 मध्ये जुना करार संपत आला तेव्हा मंडळाने नवा मसुदा पुढे ठेवला. किमान पगार वर्षाला सुमारे 1,13,000 डॉलरवरून 78,000 वर आणायचा, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कपात. वादकांनी मंडळाच्या हिशेबांची स्वतंत्र तपासणी मागितली. 1 ऑक्टोबर 2012 रोजी टाळेबंदी जाहीर झाली. ही कोरोनातली टाळेबंदी नव्हे, गिरणगावातल्या जुन्या माणसांना ठाऊक असलेली: मालकच कामगाराला कामावर येऊ देत नाही. पगार बंद, आरोग्यविमाही बंद.

याच वेळी मंडळ सुमारे 5 कोटी डॉलर खर्चून सभागृहाचं नूतनीकरण करत होतं. पुढे मंडळाच्या 2009 च्या बैठकांचं इतिवृत्त वर्तमानपत्रात आलं आणि त्यातून हिशेबाची आखणी उघड झाली. सरकारकडे सभागृहासाठी पैसे मागायचे आहेत, तोवर ठेवीतून जास्त पैसे काढून ताळेबंद समतोल दाखवायचा. मग वादकांशी बोलणी करायची वेळ आली की तूट दाखवायची. तूट खोटी होती असं मी म्हणत नाही. 2008 च्या मंदीने सगळ्यांच्याच ठेवी आटल्या होत्या. पण ती कधी दाखवायची हे सोयीने ठरवलं जात असेल, तर समोरच्याने तुमच्या वहीवर विश्वास का ठेवावा? आणि इमारतीसाठी देणगीदार मिळतात, माणसांसाठी मिळत नाहीत, हे तर आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांतही रोज दिसतं.

गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं की माग आतच राहतो. इथे मात्र साज वादकांच्या घरी होता. ऑक्टोबरमध्येच त्यांनी स्वतः कार्यक्रम लावला आणि छडी हातात घेतली स्टॅनिस्लाव स्क्रोवाचेव्स्की यांनी. हे त्याच ऑर्केस्ट्राचे जुने प्रमुख, वय 89. लोक आले, तिकिटं संपली. श्रोत्यांनी आपल्या संघटना काढल्या, मंडळाचे हिशेब स्वतः चाळले. उत्तर आयर्लंडच्या समझोत्यात मध्यस्थी करणारे जॉर्ज मिचेल यांना बोलावलं, तरी गाठ सुटली नाही. पण अधूनमधून केलेल्या कार्यक्रमांवर नव्वद घरं चालत नाहीत. एकेक करत चांगले वादक दुसऱ्या शहरांत निघून गेले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले कार्यक्रम रद्द झाले तर आपण जाणार, असं व्हॅन्स्का यांनी आधीच सांगितलं होतं. ते रद्द झाले आणि 1 ऑक्टोबर 2013 रोजी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचे कार्यक्रमही त्यांनी टाळेबंदीतल्या वादकांबरोबरच केले, विद्यापीठाच्या सभागृहात.

14 जानेवारी 2014 रोजी तडजोड झाली. पगारकपात 15 टक्के. त्याच महिन्याच्या शेवटी सिबेलियसच्या पहिल्या आणि चौथ्या सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणासाठी याच ऑर्केस्ट्राला ग्रॅमी मिळाला. ते वाजवणाऱ्यांतले काहीजण तोवर दुसरीकडे रुजू झाले होते. फेब्रुवारीत नव्या चकचकीत सभागृहात पहिला कार्यक्रम झाला, पुन्हा स्क्रोवाचेव्स्कींच्याच हाताखाली. एप्रिलमध्ये व्हॅन्स्का परतले, त्याच वर्षी मुख्य व्यवस्थापक पायउतार झाले आणि 2015 च्या मे महिन्यात ऑर्केस्ट्रा क्यूबात हवानाला जाऊन वाजवून आला. तीन वर्षांच्या त्या करारात दरवर्षी थोडी वाढ होती. तिसऱ्या वर्षाचा किमान पगारही 2012 च्या पगारापेक्षा कमीच होता.