पानिपत, पगार आणि महादजी

एका संक्रांतीला मी काला अंबला होतो. रक्तानं आंबा काळा पडला अशी आख्यायिका आहे. झाड केव्हाच गेलं, आता तिथं विटांचा स्तंभ आहे. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं येतात, आणि स्वतःला पानिपतच्या मराठ्यांचे वंशज मानणारा हरियाणातला रोड समाजही येतो. तिथं गुरुग्रामला स्टार्टअप चालवणारा एक मराठी मुलगा भेटला. म्हणाला, "सर, आमच्या धंद्यात गूगल, ॲमेझॉन आधीच बसलेत. आम्ही पाच जण. इतिहासात असा कुणी टिकलाय का?"

मी महादजी शिंद्यांचं नाव घेतलं.

१७६१ ला याच मैदानातून ते पायाला जखम घेऊन निसटले आणि जन्मभर लंगडले. राणे खान भिस्त्यानं त्यांना वाचवलं, असं सांगतात. दहा वर्षांत ते दिल्लीत परतले. पण तोवर कवायती पलटणींच्या बाजारात ईस्ट इंडिया कंपनी पाय रोवून बसली होती. ही खरोखरच कंपनी, भागधारक आणि नफा-तोटा असलेली!

१७८४ मध्ये महादजींनी सवॉयच्या डी बॉयनला नोकरीत घेतलं. सुरुवात फक्त दोन पलटणींची. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसानं तोफा ओतायला घेतल्या, बंदुकाही तिथंच बनू लागल्या. सगळी चर्चा इथंच थांबते. तोफा, तोफा! अहो, तोफा पानिपतावर इब्राहिमखान गारद्याकडेही होत्या. आपण हरलो त्याचं एक मोठं कारण उपासमार होतं. रसद तुटली होती, खजिना आटला होता.

तेच १७८७ ला लालसोटला पुन्हा घडलं. पगार थकलेल्या जुन्या बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला मिळाल्या. डी बॉयनच्या दोन मात्र हलल्या नाहीत. माझ्या मते महादजींची खरी कल्पकता त्यानंतरची. त्यांनी डी बॉयनला दुआबात जायदाद लावून दिली, म्हणजे ठरावीक मुलखाचा वसूल फक्त कंपूच्या खर्चाला. पगार वेळेवर होऊ लागला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता, दोन्ही लढाया जिंकल्या.

"म्हणजे आधी पैशाची सोय," मुलगा म्हणाला.

हो, पण गोष्ट तिथं संपत नाही. १७९४ ला महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. १८०३ च्या युद्धात कंपनीनं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावलं, आणि ते गेले. सरसेनापती पेराँ हा फ्रेंच, तोही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. लासवारीला त्या पलटणी जुन्या अधिकाऱ्यांवाचून लढल्या, जिवावर उदार होऊन लढल्या आणि हरल्या. हुकूम देणारी विद्या भाड्याची राहिली होती.

मुलगा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचा मुख्य इंजिनिअर गेल्याच महिन्यात मोठ्या कंपनीत गेला."