सूक्ष्म चुंबकीय संवेदकाचा संकेत कसा वाचतात?

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अत्यंत क्षीण असते. स्थानानुसार ते सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरते. मोबाइल फोनमधील होकायंत्र याच क्षेत्राच्या आधारे दिशा दाखवते. त्यासाठी बहुधा हॉल परिणामावर किंवा चुंबकीय क्षेत्रानुसार रोध बदलणाऱ्या पदार्थांवर आधारलेले संवेदक वापरले जातात. त्यांना पर्याय म्हणून सिलिकॉनच्या कंप पावणाऱ्या सूक्ष्म पट्टीचा, म्हणजेच अनुनादी संवेदकाचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. मेक्सिकोतील व्हेराक्रूझ विद्यापीठ हे त्यांपैकी एक केंद्र होय. या संवेदकात चुंबकीय पदार्थ लागत नाही. त्यामुळे जवळ लोहचुंबक आल्यास तो कायमचा चुंबकित होण्याचा धोका उरत नाही.

विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेवर चुंबकीय क्षेत्रात जे बल निर्माण होते, ते डच भौतिकशास्त्रज्ञ हेन्ड्रिक लोरेन्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाते. एक मिलिमीटर लांबीच्या पट्टीतून एक मिलिअॅम्पिअर प्रवाह गेला व क्षेत्र ५० मायक्रोटेस्ला असले, तर हे बल ५० पिकोन्यूटन भरते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या वाळूच्या कणाचे वजन याच्या तीस हजार पटींहून अधिक असते. एक मायक्रोन्यूटन बलाने एक मायक्रोमीटर वाकणारी पट्टी या बलाने केवळ ०.०५ नॅनोमीटर हलेल. सिलिकॉनच्या दोन शेजारी अणूंमधील अंतरही याच्या चौपटीहून जास्त आहे.

येथे अनुनाद उपयोगी पडतो. झोपाळ्याला योग्य वेळी हलके झोके देत गेल्यास तो उंच जातो, त्याप्रमाणे पट्टीच्या नैसर्गिक वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडल्यास कंपन वाढत जाते. निर्वात आवरणात ही वाढ हजारपट झाली, तर हालचाल ५० नॅनोमीटर होते. पट्टीच्या मुळाशी ताणानुसार बदलणारे रोध व्हीटस्टन सेतूच्या रचनेत जोडलेले असतात. ते या हालचालीचे विद्युतदाबात रूपांतर करतात.

हा विद्युतदाब मात्र फारच अल्प असतो आणि तो एकटा येत नाही. रोधांतील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीचा गोंगाट त्यात मिसळतो. कंपनासाठी दिलेला प्रवाहही थोडा गळून तेथे पोहोचतो. सारेच वाढवले, तर गोंगाटही वाढतो. म्हणून सेतूच्या दोन टोकांमधील फरक तेवढा घेणारा वर्धक संवेदकाच्या अगदी जवळ बसवतात. त्यापुढे समकालिक शोधक असतो. तो आलेल्या संकेताचा मूळ प्रवाहाच्या लयीशी गुणाकार करून सरासरी काढतो. त्या लयीत नसलेला बहुतेक गोंगाट सरासरीत नाहीसा होतो. क्षेत्राची दिशा उलटली की संकेताची कलाही उलटते. त्यामुळे दिशेचे चिन्हही हाच शोधक देतो.

गळतीची लय मात्र खऱ्या संकेताचीच असते. त्यावर उपाय म्हणजे सेतूला निराळ्या वारंवारतेचा पुरवठा देणे. तसे केल्यास खरा संकेत दोन वारंवारतांच्या बेरजेवर व वजाबाकीवर सरकतो, गळती मूळ जागीच राहते आणि दोन्ही वेगळे करता येतात.

सर्वांत कठीण प्रश्न तापमानाचा आहे. सिलिकॉन तापले की त्याचा ताठपणा कमी होतो आणि पट्टीची वारंवारता दर अंश सेल्सिअसला साधारण दहा लाखांत तीस भागांनी घटते. २० किलोहर्ट्झच्या पट्टीत २० अंशांच्या वाढीने १२ हर्ट्झचा फरक पडतो. हजारपट वर्धन देणाऱ्या पट्टीचा अनुनाद केवळ २० हर्ट्झ रुंद असतो. प्रवाहाची वारंवारता तशीच ठेवली, तर कंपविस्तार एक तृतीयांशाहून अधिक घटतो. क्षेत्र तेच असूनही मापन चुकते. प्रवाह वाढवून हे भरून काढावे, तर पट्टी आणखी तापते.

यासाठी मंडलातील कला-बद्ध वेटोळे पट्टीच्या बदलत्या वारंवारतेचा सतत पाठलाग करते. दुसरा मार्ग म्हणजे अनुनादापासून मुद्दाम थोडे दूर राहणे. त्यात संवेदनशीलता कमी होते, पण स्थैर्य वाढते. शेवटी हा संकेत अंकांत रूपांतरित होतो व तापमानानुसार दुरुस्त केला जातो. क्षेत्र ओळखण्याचे काम पट्टी करते. तिच्या आकड्यावर किती विसंबावे, हे तिच्या मागचे मंडल ठरवते.